दिवा असा निवडा की मागचा वेळेत थांबेल

थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी, बोलेरो, स्कॉर्पिओ. डांबर सोडून चिखलात, दगडगोट्यांत उतरणारी गाडी ज्यांच्या ज्यांच्या दारात उभी आहे, त्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. पाऊस तोंडावर आला आहे. मृगाच्या सरी कोसळल्या की पहिल्याच शनिवारी ताम्हिणी, माळशेज, आंबोलीच्या वाटा गाड्यांनी भरून जातील. तुम्हीही निघाल. जरूर निघा. पण त्याआधी गाडीवरचे दिवे एकदा नीट बघा. मिरवायचे दिवे बाजूला ठेवा. गाडी भर रस्त्यात बंद पडली, वळणावर रुतली, पुढे दरड दिसली, तर मागून येणाऱ्याला सावध करणारे दिवे बघा. ते तुमच्याकडे आहेत का? असले, तर ते बघून मागचा थांबेल की गोंधळेल?

धोका काय आहे तो आधी समजून घ्या. रात्रीची वेळ. धो-धो पाऊस. मागून एखादी एसटी येते आहे, मालाने भरलेला ट्रक येतो आहे, नाहीतर तुमच्यासारखंच एखादं कुटुंब येतं आहे. वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे दर सेकंदाला २२ मीटर. चालकाला पुढे काहीतरी दिसतं, ते काय आहे हे कळतं, मग पाय ब्रेकवर जातो. एवढ्यातच दीड-दोन सेकंद जातात आणि गाडी ३५-४० मीटर पुढे सरकलेली असते. ओल्या रस्त्यावर पुरती थांबायला तिला आणखी ६० मीटर तरी लागतात. बेरीज करा. १०० मीटर झाले. तुमची उभी गाडी त्याला १०० मीटर आधी कळली, तर तो थांबेल. ५० मीटरवर कळली, तर त्याने कितीही करकचून ब्रेक दाबले तरी तो थांबू शकणार नाही. आणि त्या वेळी तुम्ही रस्त्याकडे पाठ करून जॅक फिरवत असता. मुलं मागच्या सीटवर पेंगुळलेली असतात.

हे उगाच घाबरवण्यासाठी सांगत नाही. ५ जून २०१६ ची पहाट आठवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ कडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांवर मागून आलेली बस आदळली. १७ माणसं गेली. उभी गाडी ही चालत्या गाडीइतकीच, कधी कधी तिच्याहून जास्त घातक असते. म्हणून थांबावं लागलं की पहिला विचार टायरचा करू नका, टोइंगचा करू नका. पहिला विचार मागून येणाऱ्या माणसाचा करा. त्याला कसं कळेल? किती लांबून कळेल?

पहिलं काम अगदी सोपं आहे. डिकी उघडा आणि लाल त्रिकोण शोधा. गाडी घेतली तेव्हा तो सोबत आला होता. स्टेपनीच्या टूलजवळ, चटईखाली, प्लास्टिकच्या डबीत असेल. आजच बाहेर काढा. उघडून, उभा करून बघा. पाय मोडले असतील, रिफ्लेक्टर फिका पडला असेल, तर नवा घ्या. घाटात जाणार असाल तर दोन घ्या. त्याला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही, पावसाने तो बिघडत नाही. महागड्या दिव्यांच्या यादीत सगळ्यात वरचं स्थान या स्वस्त त्रिकोणाचं आहे. तो नसेल तर बाकी काहीच विकत घेऊ नका. आधी तो घ्या.

पण त्रिकोण गाडीला टेकवून ठेवला तर त्याचा उपयोग शून्य. तो मागे, लांब ठेवा. साध्या रस्त्यावर किमान ५० मीटर, महामार्गावर १०० मीटर आणि त्याहून जास्त. समृद्धी महामार्गावर गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला १०० मीटर म्हणजे फक्त तीन सेकंद. घाटात तर अंतराच्याही आधी वळण बघा. गाडी वळणाच्या पलीकडे बंद पडली असेल, तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे गेला पाहिजे, म्हणजे येणारा वळण घेण्याआधीच सावध होईल. ठेवायला जाताना त्रिकोण उघडून, त्याचं चकाकतं अंग येणाऱ्या गाड्यांकडे धरून चाला. रस्त्याच्या अगदी कडेने चाला. नजर येणाऱ्या गाड्यांवर ठेवा, फोनवर नाही. द्रुतगती मार्गावर वाहतूक इतकी अंगावर येत असेल की चालणंच धोक्याचं वाटतं, तर चालू नका. सगळ्यांना रेलिंगपलीकडे न्या आणि फोन करा.

आता वर लावायच्या दिव्याकडे येऊ. इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. अॅक्सेसरीच्या दुकानात जा, काउंटरवर लाल-निळा फ्लॅशर लगेच लखलखायला लागतो. रिमोटवर दहा-बारा तऱ्हा. कधी डावीकडून उजवीकडे धावतो, कधी दोन्ही बाजूंनी भडकतो. दिसायला झकास. पण हा दिवा तुमच्यासाठी नाही. लाल-निळा म्हणजे पोलिस, अग्निशमन, आपत्तीत धावणाऱ्या गाड्या. १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचेही लाल दिवे उतरले. जे मंत्र्याला नाही, ते आपल्याला कुठून असेल? गाडीत परवानगीशिवाय असे बदल केले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे.

दंडाचं सोडा. त्याहून मोठं नुकसान माणसांचं होतं. रात्री एकटीने गाडी चालवणाऱ्या बाईला आरशात लाल-निळा दिवा दिसतो. ती पोलिस समजून गाडी बाजूला घेते, अंधारात काच खाली करते. उतरून येणारा कोण आहे, हे तिला काय माहीत? दुसऱ्या दिवशी तिच्या मागे खरे पोलिस येतात आणि आता ती थांबायलाच घाबरते. असे हौशी दिवे वाढले की लोक खऱ्या दिव्यांकडेही दुर्लक्ष करायला लागतात. त्या खऱ्या दिव्याच्या मागे कुणाचा तरी बाप स्ट्रेचरवर असतो. म्हणून विनवणी आहे: लाल-निळा घेऊ नका. घेतला असेल तर काढा. मित्राच्या गाडीवर असेल तर त्याला हक्काने सांगा.

मग घ्यायचा कोणता? पिवळसर नारिंगी, ज्याला आपल्याकडे अंबर म्हणतात तो. रस्त्याची कामं चालू असतात तिथे, क्रेनवर, टोइंगच्या गाडीवर हाच रंग फिरताना दिसतो. तुमचे चार इंडिकेटरही त्याच रंगाचे आहेत. सावकाश या, पुढे अडथळा आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो अर्थ बैलगाडीवाल्यापासून बसचालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पिवळा दिवा धुकं कापतो, असं दुकानदार छातीठोकपणे सांगेल. ते मनावर घेऊ नका. धुक्याचे थेंब रंग बघून उजेड अडवत नाहीत. अंबर निवडायचा तो सगळ्यांना कळतो म्हणून.

पण इथेही एक सावधगिरी बाळगा. अंबर दिवा टपावर कायमचा ठोकून, पेटवून फिरू नका. हाही एकेकाळी अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर मिरवायचा दिवा होता. २०२४ साली पुण्यात एका खासगी गाडीवरच्या अंबर दिव्यावरून केवढा गहजब झाला, ते तुम्हाला आठवत असेल. शिवाय नियमाचा गाभा साधा आहे: गाडीच्या पुढे लाल दिसू नये आणि मागे लाल सोडून दुसरा रंग दिसू नये. इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा असे मोजके अपवाद. म्हणून काढता येणारा दिवा घ्या. तो डिकीत राहू द्या. गाडी अडकून उभी असेल तेव्हाच बाहेर काढा, काम झालं की परत आत ठेवा. कायमस्वरूपी काही बसवायचं मनात असेल, तर आधी आरटीओत विचारा, मग पैसे मोजा.

असा दिवा निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली, चिकटतो कशाने? बहुतेकांना खाली लोहचुंबक असतं. पण तुमच्या गाडीला कापडी टप असेल, छप्पर फायबरचं असेल, तर चुंबक तिथे धरणारच नाही. दुकानातच गाडीवर लावून बघा. दुसरी, पाणी. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेलं असावं. त्यातला ६ धुळीचा आहे आणि ७ पाण्याचा, म्हणजे दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालू राहतो. सह्याद्रीच्या पावसाला यापेक्षा कमी पुरत नाही. तिसरी, वीज. गाडीच्या सॉकेटवर चालणारा असेल तर वायर मागच्या टोकापर्यंत पोहोचते का ते बघा. चार्जिंगचा असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री चार्ज करा. जमिनीवर ठेवायच्या चपट्या, चार्जिंगच्या चकत्याही मिळतात. त्रिकोणाशेजारी एक ठेवली तर त्रिकोण अंधारात आणखी लांबून दिसतो.

आणि हो, जास्तीत जास्त प्रखर तोच चांगला, असं समजू नका. ही समजूत जीव घेते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झगझगीत स्ट्रोब पडला की माणूस काही सेकंद आंधळा होतो. साठी उलटलेल्या चालकाला सावरायला आणखी वेळ लागतो. लखलखाटात त्याला गाडी दिसते, पण ती किती लांब आहे ते कळत नाही. आणि त्याच गाडीशेजारी वाकून नट सोडवणारे तुम्ही त्याला दिसतच नाही. वरातीतल्या डीजेच्या गाडीसारखा थयथयाट करणारा दिवा तुम्हाला वाचवत नाही, झाकून टाकतो.

म्हणून संथ दिवा निवडा. गाडीचा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतो, त्याच्याच जवळपासचा वेग पुरे. उजेड कमी-जास्त करायची सोय असलेला घ्या. भर दुपारी पूर्ण, रात्री कमी. चारही बाजूंनी दिसेल असा घ्या. एकच दिवा लावा, चार नको. आणि तुम्ही स्वतः दिसा! चकाकत्या पट्ट्यांचं जॅकेट दोन-तीनशे रुपयांत मिळतं. ते ड्रायव्हर सीटच्या मागच्या खिशात ठेवा, म्हणजे उतरायच्या आधीच अंगात घालता येईल. डिकीत सामानाखाली गाडलेलं जॅकेट ऐन वेळी कुणी शोधत बसत नाही.

टपावरच्या पांढऱ्या लाइट बारबद्दलही बोलायलाच हवं. रानवाटेवर, ओढ्याच्या काठावर, जिथे समोरून कुणी येत नाही, तिथे तो कामाचा आहे. सार्वजनिक रस्त्यावर तो हत्यार आहे. समोरून मोटरसायकलवर नवरा-बायको येत आहेत, मध्ये लेकरू बसलं आहे. तुमचा बार त्यांच्या डोळ्यांत जातो. त्याला रस्ता दिसत नाही, कड दिसत नाही, खड्डा दिसत नाही. तुम्ही निघून जाता. मागे काय झालं, ते तुम्हाला कधीच कळत नाही. पालखीच्या दिवसांत तर पहाटेच्या अंधारात वारकरी याच रस्त्यांनी चालत असतात. आणि धुक्यात तोच बार तुमच्यावरच उलटतो. टपावरचा उजेड डोळ्यांसमोरच्या थेंबांवर पडून परत येतो आणि समोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. धुक्यात खाली, बंपरपाशी लावलेले फॉग लॅम्प आणि डिप्परच उपयोगी पडतात.

तेव्हा डांबरावर चढायच्या आधी बार बंद करा आणि त्यावर झाकण चढवा. झाकण हरवलं असेल तर जाड काळं कापड बांधा. बारचं बटण हेडलाइटच्या अप्परला जोडून घेऊ नका. वेगळं, हाताला सहज न लागणारं बटण ठेवा. समोरून गाडी दिसली की डिप्पर द्या. त्याने दिला नाही तरी तुम्ही द्या. सूड म्हणून अप्पर मारू नका. दोन आंधळ्यांपेक्षा एक डोळस बरा.

आणखी एक सवय सोडा. जोराचा पाऊस आला, बोगदा आला, धुकं आलं, की चारही इंडिकेटर लावून गाडी दामटायची. आपल्याकडे त्यांना सर्रास पार्किंग लाइट म्हणतात, आणि त्यांचं कामही तेच आहे: गाडी थांबली आहे, अडथळा झाली आहे, हे सांगणं. चालत्या गाडीवर ते लावले की मागच्याला वाटतं तुम्ही उभे आहात. तो घाईत बाजूने काढतो. त्याच क्षणी तुम्ही लेन बदलता. बहुतेक गाड्यांत अशा वेळी डावा-उजवा इंडिकेटर वेगळा दिसतच नाही. पावसात चालताना हेडलाइट डिप्परवर ठेवा, वेग कमी करा, अंतर वाढवा. चार इंडिकेटर थांबल्यावरच लावा. मग मात्र लगेच लावा, गाडी कडेला घेता घेताच.

गाडीत हौसेने केलेले बदल एकदा मागच्याच्या नजरेने तपासा. टेललाइटवर काळी फिल्म लावली आहे? आजच काढा. मूळ बंपर काढून लोखंडी बसवला आहे? मग मूळ बंपरमधले लाल रिफ्लेक्टर गेले, ते नव्यावर बसवून घ्या. स्टेपनीवर डिझेलचा कॅन किंवा पिशवी लटकवली आहे? कोणता दिवा झाकला जातो ते बघा. मागचं दार उघडं ठेवून काम करताना एखादा टेललाइट झाकला जातो का, तेही बघा. आणि सगळ्यात साधी, सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे चिखल. दिवसभर चिखलात लोळलेली गाडी अंधारात महामार्गावर येते तेव्हा तिचे मागचे दिवे मातीने लिंपलेले असतात. बाटलीतलं पाणी घ्या, फडकं घ्या. रस्त्यावर यायच्या आधी टेललाइट, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबरप्लेट पुसा. दोन मिनिटं लागतात.

वायरिंगला हात लावायचा असेल तर जुगाड करू नका. हेडलाइटच्या वायरला चिरा देऊन, टेप गुंडाळून दिलेलं कनेक्शन पाण्यात शॉर्ट होतं, उन्हात वितळतं, कधी गाडीच पेटवतं. गाडी पेटली की विमा कंपनी सर्वांत आधी तीच टेप दाखवेल. वायरमनला सांगा: बॅटरीजवळ फ्यूज हवा, मध्ये रिले हवा, पत्र्यातून वायर जाते तिथे रबराची बुशिंग हवी. तो हसला तर दुसऱ्याकडे जा. बॅटरीचीही काळजी घ्या. इंजिन बंद असताना हेडलाइट, लाइट बार, स्टिरिओ चालू ठेवले, तर ज्या बॅटरीवर चार इंडिकेटर चालायचे तीच काही तासांत मान टाकते. अडकून थांबलात की हेडलाइट बंद करा. टेललाइट आणि चार इंडिकेटर चालू ठेवा. बाकी सगळं बंद.

माणसांना कुठे उभं करता, त्यावरही जीव ठरतो. मुलांना, म्हाताऱ्यांना गाडीत बसवून ठेवू नका. महामार्गावर सगळ्यांना रेलिंगपलीकडे न्या. घाटात कठड्यापलीकडे दरी असते, तिथे ही चाल चालणार नाही. तिथे रस्त्यापासून बाजूला, ठिसूळ दरडीखाली येणार नाही अशी जागा शोधा. गाडीच्या सरळ पुढे कुणी उभं राहू नका. मागून धडक बसली तर गाडी पुढेच येते. सेल्फी काढायला, मका खायला वळणावर गाडी लावणं तर या पावसाळ्यापासून बंदच करा. दिवा कितीही चांगला असो, थांबायची गरजच नसताना थांबलेल्या गाडीला तो माफी मिळवून देत नाही.

आता ती जुनी रीत. गाडी बंद पडली की मागे मोठाले दगड मांडायचे, झाडाची फांदी तोडून उभी करायची. दगडांना उजेड नाही, रंग नाही. आणि दुरुस्ती झाली की गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात. पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालेला मोटरसायकलवाला त्याच दगडाला धडकतो. चाकाला उटी लावायला दगड लागला तर लावा, पण निघताना स्वतःच्या हाताने उचलून कडेला टाका. त्रिकोण उचला, चकत्या उचला, दिवा बंद करा. गाडी पुढे गेल्यावरही मागे पेटत राहिलेला इशारा पुढच्या माणसाला शिकवतो की असल्या इशाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नसतं.

हे सगळं फक्त तुमच्या गाडीपुरतं नाही. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडकर विसरलेले नाहीत. सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि आणखी गाड्या त्या अंधारात गेल्या. पूल गेल्याचं लक्षात आल्यावर जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने रस्त्यावर येऊन येणाऱ्या गाड्या अडवल्या. पुढचं मरण त्याने हात दाखवून थांबवलं. उद्या ती जागा तुमची असू शकते. तुम्ही अशा रस्त्यांवर जाता जिथे इतर गाड्या जात नाहीत. खचलेला रस्ता, पाण्याखाली गेलेला पूल, आडवं झालेलं झाड तुम्हालाच आधी दिसतं. तेव्हा नुसतं वळून परत फिरू नका. गाडी सुरक्षित जागी घ्या, अंबर दिवा लावा, त्रिकोण ठेवा, जॅकेट घाला, ११२ ला फोन लावा. पोलिस पोहोचेपर्यंत तिथे थांबणं जमत असेल तर थांबा. जखमी दिसले तर १०८ ला कळवा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ आहे. मदत केली म्हणून आपल्यामागे लचांड लागेल, ही भीती मनातून काढून टाका. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

पूर आला, दरड कोसळली की तुमच्यापैकी कितीतरी जण फोर बाय फोर काढून मदतीला धावतात. २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडला पाण्याने वेढलं, तेव्हाही लोक असेच धावले. त्या ओढीला नमस्कार. पण तिथेही मदतीची गाडी म्हणून लाल-निळा दिवा लावू नका, सायरन लावू नका. प्रशासनाने सांगितलेल्या जागी जा, सांगितलेल्या रांगेत थांबा. रुग्णवाहिका आली की सगळ्यात आधी बाजू द्या. तिला न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड आहे, पण तुम्ही दंडाला भिऊन बाजू देणार नाही, हे ठाऊक आहे. आत कुणीतरी श्वास मोजत आहे म्हणून तुम्ही बाजू द्याल.

आता हातात फोन आहे तोवर ठरवा. या रविवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, गाडी रस्त्यापासून दूर एखाद्या मोकळ्या मैदानात न्या. घरातलं एक माणूस सोबत घ्या. चार इंडिकेटर लावा, अंबर दिवा लावा, त्रिकोण ठेवा, जॅकेट घालून मागच्या चाकापाशी वाका. सोबतच्या माणसाला साधारण १३० पावलं मागे जायला सांगा, ते १०० मीटर होतात. मग तिथून त्याला ओरडून विचारा: गाडी दिसते का? मी दिसतो का? डोळे दिपतात का? उत्तर ऐका आणि जे कमी आहे ते सोमवारी विकत आणा. जे त्याला इथे दिसत नाही, ते भर पावसात एसटीच्या काचेतूनही कुणाला दिसणार नाही.

ऑफरोडिंगचे गट चालवणाऱ्यांनो, तुम्हाला वेगळी विनंती आहे. यंदा सहलीला निघताना टो-रोप, शॅकल बघता तसा त्रिकोणही बघा. ज्याच्याकडे नाही त्याला निघू देऊ नका. ज्याच्या टपावर लाल-निळा आहे त्याला आधी काढायला सांगा, मगच रांगेत घ्या. अॅक्सेसरीवाल्यांनो, लाल-निळा मागणाऱ्याला नाही म्हणा आणि एक संथ अंबर दिवा समोर ठेवा. आई-वडिलांनो, नव्या थारची किल्ली पोराच्या हातात देताना एक त्रिकोण, एक जॅकेट आणि हे चार शब्द सोबत द्या.

पावसाला फार दिवस उरलेले नाहीत. उद्यावर टाकू नका. आज डिकी उघडा. त्रिकोण बाहेर काढा. चुकीचा दिवा उतरवा. बारवर झाकण चढवा. टेललाइट पुसा. आणि मग शेजारच्या गाडीवाल्याच्या दारावर थाप मारून त्यालाही हेच करायला सांगा, कारण वळणापलीकडे उभी असलेली पुढची गाडी त्याची असेल आणि वळण घेऊन येणारे तुम्ही असाल.